ऑफिसातली दिवाळी

मुलुंड (पूर्व),
आश्विन शुद्ध द्वादशी

चि. ऋजुता हिस,


परवा सोनं द्यायला आलीस आणि चपला घालता घालता जे बोललीस, ते माझ्या डोक्यातून जात नाही. "आत्या, टीमसाठी चौदा हॅम्पर मागवलेत. सरांना चांदीचं नाणं. कार्डावर घेतलंय गं, सगळेच देतात." एवढ्यात लिफ्ट आली नि तू गेलीस. फोन करावा तर तू मेट्रोत असतेस, नाहीतर मीटिंगमध्ये. म्हणून लिहायला बसले. शेवटपर्यंत वाच. अर्ध्यात सोडून 'हो गं आत्या' असा मेसेज टाकू नकोस.

तुझ्या देण्याच्या हौसेवर माझा राग नाही. ती हौस आजीकडून आलेली आहे आणि ती आपल्या घरातून कधी जाऊ नये. मला राग आला तो 'सगळेच देतात' याचा.  

त्या चौदांत एखादा नालासोपाऱ्याहून येत असेल. बहिणीचं लग्न काढलेलं, बापाचं औषधपाणी चाललेलं. तो तुझं हॅम्पर पोटाशी धरून विरार गाडीत चढेल आणि अंधेरीपासून घरापर्यंत एकच विचार करील, की आता हिला काय द्यायचं? नातेवाइकाला 'यंदा जमत नाही' म्हणता येतं. शेजारणीला म्हणता येतं. ऑफिसात जिच्या शेजारी रोज आठ-नऊ तास बसायचं, तिला कोण म्हणेल? तू प्रेमाने दिलंस तरी त्याच्याकडे ते उधारी होऊन पोचतं. जपानमध्ये व्हॅलेंटाइनच्या दिवशी बायकांनी ऑफिसातल्या पुरुषांना कर्तव्य म्हणून चॉकलेटं वाटायची रीत पडली. २०१८ च्या फेब्रुवारीत गोडायव्हा या चॉकलेट कंपनीनेच तिथल्या वर्तमानपत्रात पानभर जाहिरात दिली, की ही कर्तव्याची चॉकलेटं आता बंद करूया. विकणाऱ्यालाही ते ओझं दिसलं, ऋजू. तुला का दिसू नये?

आणि ते नाणं! ते तर मला मुळीच पटलेलं नाही. ज्यांच्या हातात मार्चमधलं तुझं अप्रेझल आहे, त्यांना दिवाळीत चांदी? तू मनापासून देते आहेस हे मला ठाऊक आहे. त्यांना ठाऊक नाही आणि पलीकडच्या टेबलावरच्या मुलीला तर नाहीच नाही. पगारवाढ चांगली झाली तर ती नाण्याने झाली म्हणतील. नाही झाली तर तुझ्याच मनात ते नाणं सलत राहील. तुझे धाकटे काका डाक खात्यात होते. त्यांना केंद्र सरकारचे १९६४ चे वर्तणूक नियम लागू, आणि त्यातला तेरावा नियम फक्त भेटवस्तूंचा. एका दिवाळीत कुणी मिठाईखाली काहीतरी ठेवून डबा आणून दिला, तर काकांनी तो उघडला नाही, जिन्यावरून खाली हाक मारून परत केला. काकू चिडल्या होत्या. पण त्याच नियमात एक शहाणपणाची ओळ आहे. सहज झालेलं जेवण, वाटेत गाडीतून सोडणं किंवा इतर सामाजिक आदरातिथ्य, याला भेट धरायचं नाही. कायदे करणाऱ्यांनाही एवढं कळत होतं की एकत्र चार घास खाल्ल्याने कुणी मिंधा होत नाही.

तू विचारलं नाहीस तरी आता बोनसचं सांगते, कारण तुमच्या पिढीला तो कंपनी खूश होऊन देते असं वाटतं. आमचे आप्पा १९२४ च्या मुंबईतल्या गिरणी संपाबद्दल बोलायला लागले की जेवण थांबायचं, हे तुझ्या बाबांना विचार. पहिल्या महायुद्धात गिरण्यांनी नफा कमावला, तेव्हा १९१७ पासून मालकांनी बोनस सुरू केला. तो वर्षामागून वर्ष मिळत गेला आणि लोक त्याच्या भरवशावर गावची देणी, पोरींची लग्नं ठरवू लागले. मग १९२३ चा बोनस मिळणार नाही, असं एकदम जाहीर झालं. १९२४ च्या जानेवारीत सुमारे दीड लाख कामगार गिरण्यांबाहेर आले. सरकारने मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती मॅक्लाऊड यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसवली आणि समितीने काय सांगितलं? बोनसवर कामगारांचा रिवाजाने, कायद्याने किंवा न्यायबुद्धीने कसलाही हक्क पोचत नाही. मालकाने खुशीने दिलं होतं, त्याची खुशी संपली. माणसं घरातली भांडी गहाण टाकून होती, शेवटी तशीच कामावर गेली. त्यानंतर चाळीस वर्षं भांडणं, लवाद, आयोग झाले, तेव्हा कुठे १९६५ चा बोनस कायदा आला. किमान बोनस पुढे ८.३३ टक्क्यांवर, म्हणजे वर्षाच्या पगाराच्या बाराव्या हिश्शावर येऊन ठरला.

म्हणून माझं ठाम मत आहे. वरून खाली जे येतं ते हक्काचं असावं, खुशीचं नको. खालून वर काही जाऊच नये. आणि बरोबरीच्यांत जे व्हायचं ते वर्गणीने व्हावं. तुमच्याकडे गेल्या दिवाळीत बोनसविषयी कुणी अवाक्षर काढलं नाही, सुक्या मेव्याचा डबा मात्र रिबीन बांधून आला, हे तूच सांगितलंस. तेव्हा तुला तो डबा आवडला होता. मला जेवण गेलं नाही.

वर्गणी म्हणजे काय, ते तू पाहिलेलं नाहीस. शास्त्री मार्गावरच्या आमच्या कंपनीत दिवाळीला कुणी कुणाला वस्तू देत नसे. नवरात्र संपलं की दिवाळी अंकांची वर्गणी निघायची. का. र. मित्रांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला तिथून ही परंपरा धरतात, पण एकट्याच्या पगारात तीन-चारच्या वर अंक कुठले परवडायला! सगळ्यांचे पैसे एकत्र करून गठ्ठाच यायचा. अकाउंट्समधल्या बाई जेवणाच्या सुट्टीत प्रत्येक अंकाला खाकी कागदाचं कव्हर घालायच्या, पाठीवर नंबर टाकायच्या. एक लांबट वही होती. तिच्यात पट्टीने रकाने आखलेले, कुठला अंक कुणाकडे कधी गेला, कधी परत आला. दोन दिवसांची मुदत. शिपायाकडून वर्गणी घेत नसत, पण वहीत त्याचं नाव असायचं, कारण त्याची बायको फार वाचायची आणि तिचा निरोप यायचा की अमुक कथा चुकवू नका. साहेबांचं नावही त्याच यादीत, अकरावं की बारावं. त्यांनाही आपली पाळी यायची वाट पाहावी लागे. होळीपर्यंत अंक फिरत राहायचे, मग निम्म्या किमतीला आपसात विकून ते पैसे पुढच्या सालच्या वर्गणीत जमा.

आणि सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी फराळ. टेबलावर वर्तमानपत्रं पसरायची आणि प्रत्येकाने घरचा एकच जिन्नस आणायचा. घाटकोपरहून येणारे गुजराती साहेब मठिया आणत, स्टोअरमधला केरळी मुलगा केळ्याचे वेफर, मी आजीच्या भाजणीच्या चकल्या. नाताळात मरोळच्या गावठाणातली ईस्ट इंडियन मुलगी कुलकुल घेऊन येई. कुणी काय दिलं आणि किती दिलं, हे पाचव्या मिनिटाला कुणाच्या लक्षात राहत नसे. मला अजून ते टेबल डोळ्यांसमोर दिसतं.

तर आता काय करायचं ते सांगते. नाणं परत कर. परत होत नसेल तर भाऊबीजेला दादाला दे. हॅम्पर परत होत नसतील तर नावाच्या चिठ्ठ्या काढून टाक, सगळी फोड, टेबलावर एकत्र मांड आणि 'या, खाऊया' म्हण. तुझे पैसे वाया जाणार नाहीत आणि कुणाच्या डोक्यावर काही बसणार नाही.

तुला द्यायचंच आहे ना, मग तुझ्या यादीत नाहीत त्यांना दे. गेल्या दिवाळीत ते रिबिनीचे खोके गाडीतून उतरवून वर कुणी आणले? हाउसकीपिंगच्या दोघींनी आणि गेटवरच्या वॉचमनने. ते ठेकेदाराचे, म्हणून त्यांच्या नावाचा खोका नव्हता. संध्याकाळी रिकामी वेष्टनं गोळा करायलाही त्याच दोघी. हे मला तुझ्याच बोलण्यातून कळलं, तू सहज सांगून गेलीस. डबेवाले दिवाळीला एका महिन्याचे जादा पैसे मागून घेतात आणि लोक ते देतात, कारण वर्षभर दारात कोण आलं हे लोकांना माहीत असतं. तुम्ही टीममधले सगळे मिळून वर्गणी काढा, वसुबारसेच्या आधी रोख पैसे पाकिटात घालून त्यांच्या हातात द्या. सगळ्यांना सारखे. मिठाई नको, त्यांना घरी तेल, बेसन, पोरांचे कपडे घ्यायचे असतात. आणि ठेकेदार त्यांना बोनस देतो का, याची चौकशी कर.

की नको करूस? हे लिहिलं आणि मलाच धाकधूक वाटायला लागली. तू कायम झालेली नाहीस अजून. एकटीने एचआरकडे जाऊन असलं काही विचारू नकोस. तुमच्यात कुणी जुनं, पंधरा-वीस वर्षं काढलेलं माणूस असेल तर त्याच्या कानावर घाल आणि त्याला विचारू दे. वर्गणीचं बोलणंही त्यालाच काढायला सांग. सर नाराज होतील का गं नाणं नाही दिलं तर? खरं सांग, त्यांनी सुचवलं होतं का काही? की कुणीतरी त्यांच्या वतीने 'सरांना चांदी आवडते' असं तुझ्या कानात घातलं? तसं असेल तर मला लपवू नकोस. रागावणार नाही, पण मला कळायला हवं. कुणी कानात घातलं असेल तर त्याचं नावही सांग.

कार्डाचं एकूण किती झालं? हप्ते पाडून घेतलेस का? त्यावर व्याज काय लावतात ते नीट वाचलंस का? बोरिवलीच्या घराच्या हप्त्यात तू हातभार लावतेस, तो या महिन्यात चुकला तर तुझे बाबा बोलणार नाहीत, रात्रभर जागे राहतील. मी शनिवारी मीटरचा माणूस येऊन गेला की दिवसभर घरी आहे. बिलाचा कागद घेऊन ये. भाजणी दळून आणली आहे, जाताना ने, आणि आईचा गुडघा कसा आहे ते परवा बोलली नाहीस, तेही सांग.

तुझी,
आत्या