पंख कुठून फुटतात

अंधेरीपासून मुलुंडपर्यंत लग्नाच्या हॉलच्या आणि नव्या सोसायट्यांच्या फाटकांवर आता फायबरचे पंखवाले घोडे आणि गरुडाच्या तोंडाचे पंखवाले सिंह, म्हणजे ग्रिफिन, दिसतात. शेजारीच मकरतोरण, खाली सोंड उंचावलेले हत्ती. पूर्व आणि पश्चिम एकत्र आणा, असे गिऱ्हाईक म्हणते, आणि आम्ही शिल्पकार साच्यातून ते काढून देतो. मला हा मेळ वाटत नाही. दोन पुराणांतले प्राणी शेजारी बसवले म्हणून ते एकमेकांत मिसळत नाहीत. ते मिसळतात सांध्यावर आणि कामावर: एक अवयव दुसऱ्यात कुठे मुरतो, आणि त्या प्राण्याकडून वास्तूत कोणते काम करून घेतले आहे, यावर.

पंखाचेच पाहा. पक्ष्याचा पंख म्हणजे मुळात त्याचा पुढचा पाय. सिंहाचे चारही पाय ठेवून त्याला पंख द्यायचे, तर दोन अवयव जास्तीचे होतात आणि त्यांच्यासाठी सांगाड्यात जागाच नसते. पाठीच्या मध्यावर लावलेला पंख कितीही पिसे कोरली तरी चिकटवलेलाच दिसतो. तेच त्याचे मूळ खांद्याच्या फऱ्याशी नेले, तिथला स्नायू जरा फुगवला आणि पिसांची पहिली ओळ त्या फुगवट्यावरून उतरवली, की डोळा तक्रार करत नाही. मातीकामात हे आर्मेचरच, म्हणजे आतला सळयांचा सांगाडाच, शिकवतो. पंखाची सळई मणक्याच्या सळईला घट्ट बांधलेली नसेल, तर ओल्या मातीच्या भाराने पंख खाली येतो. कल्पित प्राणी खरा वाटावा म्हणून त्याचा एकेक अवयव खऱ्या प्राण्याचा घ्यावा, असा सल्ला लिओनार्दो दा विंचीने दिला होता. आपले मकर घडवणारे त्याच्या कितीतरी आधी तेच करत होते. सोंड वर वळते आणि हत्ती संपून मगर सुरू होते ती जागा तिच्याआड जाते. गणपतीच्या मूर्तीतही कान आणि गळ्यातले हार मान व खांदा यांच्यामधली अवघड जागा सांभाळतात. आपल्या उपनगरांतले मूर्तिकार दरवर्षी हा सांधा इतक्या सहज जुळवतात, की तो कुणाला सांधा वाटतही नाही.

आता कामाचे पाहा. कार्ल्याच्या चैत्यगृहातल्या स्तंभांच्या माथ्यावर गुडघे टेकलेले हत्ती आणि त्यांवर बसलेली जोडपी आहेत, बाजूच्या वाटेकडे घोडे आहेत, आणि याच प्राण्यांत एक स्फिंक्सही आहे. धेनुकाकटच्या यवनांनी, म्हणजे ग्रीकांनी, दिलेल्या स्तंभांचे लेख तिथेच कोरलेले आहेत. व्यापाराच्या वाटेने आलेला हा परका प्राणी तिथे उपरा दिसत नाही, कारण तोही इतरांसारखा स्तंभाच्या माथ्यावर बसून छत पेलण्याच्या कामाला लागला आहे. याउलट छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या फाटकावरची जोडी: एका खांबावर ब्रिटनचा सिंह, दुसऱ्यावर भारताचा वाघ. कोरीव काम उत्तम आहे, पण दोघांना आपापल्या देशाचे नाव सांगण्यापलीकडे काम नाही. घाटकोपरहून येणारी लोकल ज्या स्थानकात संपते, त्याच्या दारावर एकोणिसाव्या शतकाने दोन प्रतीके मांडली. ती एकत्र आली नाहीत.

यावर कुणी म्हणेल, कार्ल्याच्या कारागिरांना संस्कृतींचा मेळ घालायचाच नव्हता, हाताशी आलेला नमुना त्यांनी वापरला. शक्य आहे, आणि माझ्या मते म्हणूनच तो वापर चांगला झाला. आधी विचार भाराचा झाला. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: प्रत्येक प्राण्यामागे श्रद्धा असते, ती अशी मिसळली की भेसळ होते. पण घरातसुद्धा प्रतीकाचा अर्थ एक नसतो. युरोपात संत जॉर्ज ड्रॅगन मारतो, चीनमध्ये तोच पाऊस आणतो; आपल्याकडे कालियाचे मर्दन होते आणि नागपंचमीला नाग पुजला जातो. त्यामुळे कोणता अर्थ घ्यायचा हे शिल्पकाराला ठरवावेच लागते, आणि त्याची जबाबदारीही घ्यावी लागते. मूर्तीची पूजा चालू असेल तिथे मात्र मी हात आखडता घेईन. विष्णूच्या गरुडाला ग्रिफिनचे धड लावण्याचा अधिकार मला नाही. तिथे मूर्तीचे रूप भक्तांचे आहे. फाटक, कारंजे, जिना, खांब यांवर ते बंधन नाही, म्हणून तिथल्या आळसाला सबबही नाही.

ग्रिफिन हवाच असेल तर त्याला कमानीचा भार द्या किंवा पाण्याची धार त्याच्या चोचीतून सोडा, आणि पंखाचे मूळ खांद्यात न्या. कॅटलॉगमधला तयार साचा निवडण्याआधी गिऱ्हाईकाने आणि शिल्पकाराने मिळून बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातले कान्हेरीचे तिसरे लेणे पाहावे. कार्ल्याच्या धर्तीवर दुसऱ्या शतकात खोदलेल्या या चैत्यात काही स्तंभांवर प्राणी पूर्ण कोरलेले आहेत आणि काही नुसते अष्टकोनी राहिले आहेत, त्यामुळे प्राणी आल्याने स्तंभात काय बदलते ते शेजारी शेजारी ताडून पाहता येते. उद्यान सोमवारी बंद असते.