नाकातल्या फवाऱ्याची भीती

ॲलर्जीच्या सर्दीसाठी नाकाचा स्प्रे लिहून दिला की समोरचा माणूस चिठ्ठी वाचता वाचता थबकतो. "डॉक्टर, यात स्टिरॉइड नाही ना?" हा प्रश्न पूर्वीही यायचा. २०२१ नंतर मात्र तो जवळजवळ प्रत्येक जण विचारतो, आणि त्याचं कारण मला ठाऊक आहे. कोविडच्या दुसऱ्या लाटेत म्युकरमायकोसिसने, म्हणजे लोक ज्याला काळी बुरशी म्हणू लागले त्या रोगाने, महाराष्ट्रात कितीतरी जणांचे डोळे गेले, जबडे काढावे लागले. आम्ही कान-नाक-घशाच्या सर्जन मंडळींनी ती माणसं ऑपरेशनच्या टेबलावर पाहिली आहेत. आटोक्याबाहेर गेलेली साखर आणि त्यात भर म्हणून मोठ्या मात्रेत दिलेली स्टिरॉइडं, हे त्या रोगामागचं एक मोठं कारण होतं. तेव्हापासून नाक आणि स्टिरॉइड यांचं नाव एकत्र आलं की लोक धास्तावतात. त्यांना मी दोष देत नाही.

पण ही भीती चुकीच्या बाटलीला चिकटली आहे, आणि त्यामुळे रोज नुकसान होताना मला दिसतं. स्प्रे नको म्हणणारी हीच माणसं मेडिकलमधून नाक मोकळं करणारे ड्रॉप्स चिठ्ठीशिवाय आणतात आणि महिनोन्‌महिने घालतात. झायलोमेटाझोलीन किंवा ऑक्सिमेटाझोलीन ही त्यातली औषधं. त्यांत स्टिरॉइड नसतं हे खरं. ती नाकातल्या रक्तवाहिन्या आवळतात आणि पाच-दहा मिनिटांत श्वास मोकळा होतो. पण सलग काही दिवस घातली की असर उतरताच नाक आधीपेक्षा जास्त चोंदतं, मग पुन्हा ड्रॉप्स, पुन्हा चोंदणं. चार-पाच दिवसांपलीकडे ती वापरायची नसतात. उशाशी बाटली ठेवून झोपणारे, प्रवासात ती विसरली तर अर्ध्या वाटेतून मागे फिरणारे पेशंट आमच्याकडे येतात. "स्प्रेची सवय लागेल" असं म्हणतात तेही हेच लोक. सवय लागते ती ड्रॉप्सची. स्टिरॉइड स्प्रेने असं होत नाही. उलट ड्रॉप्सच्या कचाट्यातून सोडवताना आम्ही तोच स्प्रे देतो.

दुसरी गोष्ट याहून काळजीची आहे. सीझन सुरू झाला की कमरेत एक इंजेक्शन घ्यायचं आणि दोन-तीन महिने निवांत राहायचं, अशी पद्धत बऱ्याच गावांत आहे. ते इंजेक्शन सहसा सावकाश विरघळणाऱ्या स्टिरॉइडचंच असतं. ते आठवडेच्या आठवडे अंगभर फिरतं, साखर वाढवतं, शरीराचं स्वतःचं स्टिरॉइड बनवणाऱ्या ग्रंथींना दाबून टाकतं, आणि एकदा टोचलं की परत काढून घेता येत नाही. दमा-सर्दीवर हमखास गुण देणाऱ्या बिननावाच्या पुड्यांचंही तसंच. अशा पुड्या तपासल्यावर त्यांत स्टिरॉइड निघाल्याची उदाहरणं आहेत. ज्या पुडीवर घटक लिहिलेले नाहीत, ती पुडी गिळू नका, एवढं मी हात जोडून सांगते.

आता मुळात नाकात काय होतं ते पाहू. पावसाळ्यात दमट झालेल्या गाद्या-उशांमध्ये धुळीतले माइट वाढतात. हा किडा मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याएवढाही नसतो आणि आपल्या कातडीच्या झडलेल्या कोंड्यावर जगतो. पावसानंतर भिंतींना आलेली बुरशी, मोकळ्या माळरानावरचं गाजर गवत, आणि दिवाळीच्या तोंडावर माळ्यावरून काढलेली वर्षभराची धूळ या सगळ्यांची त्यात भर पडते. ॲलर्जी असलेल्या नाकात यातला एखादा कण गेला की काही मिनिटांत हिस्टामिन सुटतं: सलग शिंका, पाण्यासारखं वाहणारं नाक, टाळूला खाज. ही पहिली लाट. चार-सहा तासांनी दुसरी येते. रक्तातल्या विशिष्ट पेशी नाकाच्या अस्तरात गोळा होतात, अस्तर सुजतं आणि नाक चोंदतं. "नाकात मांस वाढलंय" असं सांगत लोक येतात तेव्हा दुर्बिणीतून बहुतेकदा दिसतं ते हे: नाकाच्या बाहेरच्या भिंतीवरचा उंचवटा फिकट, निळसर झाक आलेला, पाणी भरल्यासारखा फुगलेला. ते कापायची गरज क्वचितच असते.

सेटिरिझिनसारखी गोळी पहिल्या लाटेवर चांगली चालते, चोंदण्यावर तितकीशी नाही. त्या गोळीत अनेकदा मॉन्टेलुकास्ट जोडून दिलेलं असतं. त्याने काही जणांना वाईट स्वप्नं, चिडचिड, नैराश्य असा त्रास होऊ शकतो, म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२०मध्ये त्यावर सर्वांत कडक इशारा छापायला लावला. ही गोळी वर्षानुवर्षं बिनधास्त घेणारे लोक स्प्रेला मात्र घाबरतात. भिंतीला आतून ओल असताना वरून रंग मारत राहावं, तसं नुसत्या ड्रॉप्सचं आणि गोळ्यांचं होतं. ओल थांबवायचं काम स्प्रे करतो. त्यातलं औषध पेशीच्या आत शिरून केंद्रकापर्यंत पोचतं आणि सूज आणणारे पदार्थ बनवण्याचा हुकूमच बंद करतं. हे काम मिनिटांत होत नाही. पहिला फरक बारा तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी जाणवतो, पूर्ण गुण यायला एक-दोन आठवडे लागतात. तीन दिवसांत "काही उपयोग नाही" म्हणून बाटली बाजूला ठेवणाऱ्यांना हे कोणी सांगितलेलंच नसतं.

स्टिरॉइडची भीती जिथून आली, तिथेच तिचं उत्तरही आहे. १९४८ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी संधिवाताने खिळलेल्या एका बाईला कॉर्टिसोन दिलं आणि ती काही दिवसांत चालू लागली. १९५०मध्ये हेंच, केंडॉल आणि राइशस्टाइन यांना नोबेल मिळालं. पण तोवर दुसरी बाजूही पुढे येऊ लागली होती: सुजलेला चेहरा, ठिसूळ हाडं, वाढलेली साखर. म्हणून पुढची दोन दशकं शोध चालला तो, जिथे टाकू तिथेच काम करील आणि रक्तात जाईपर्यंत निकामी होईल अशा औषधाचा. १९७०च्या दशकात बेक्लोमेथासोनचा फवारा आला. नंतर आलेल्या फ्लुटिकासोन आणि मोमेटासोनमध्ये हे आणखी साधलं. नाकात मारलेल्या फ्लुटिकासोनपैकी दोन टक्क्यांहून कमी, मोमेटासोनपैकी एक टक्क्याहून कमी औषध रक्तात उतरतं. बरंचसं घशावाटे गिळलं जातं आणि यकृतात मोडून जातं. मोठ्या माणसाची मोमेटासोनची दिवसाची मात्रा २०० मायक्रोग्रॅम, म्हणजे एका ग्रॅमचा पाच हजारावा भाग. सांगितलेल्या मात्रेत या स्प्रेने साखर वाढणं किंवा वजन वाढणं सहसा होत नाही.

धोका असलाच तर तो बाटली कशी धरता यात आहे. मी नेहमी पेशंटला माझ्यासमोर फवारा मारायला लावते. बहुतेक जण मान मागे टाकतात, कारण ड्रॉप्स घालताना तशी सवय झालेली असते. मग उजव्या हाताने उजव्या नाकपुडीत नळी सरळ वर, नाकाच्या मधल्या पडद्यावर रोखतात, फवारा मारतात आणि जोरात हुंगतात. औषध घशात जातं, कडवट लागतं आणि जिथे सूज आहे तिथे पोचतच नाही. उलट रोज एकाच जागी, पडद्याच्या पुढच्या भागावर आपटत राहतं. लहानपणी घोळणा फुटायचा तीच ही जागा. तिथली कातडी पातळ आणि रक्तवाहिन्या उथळ. तिथे खपली धरते, ती कोणी नखाने काढतं, रक्त येतं, आणि "स्प्रेने नाक फुटलं" असं ठरून बाटली फेकली जाते.

म्हणून हात बदला. उजवी नाकपुडी असेल तर बाटली डाव्या हातात, डावी असेल तर उजव्या हातात. असं धरलं की नळी आपोआप पडद्यापासून दूर, त्याच बाजूच्या कानाच्या दिशेने वळते. आधी नाक हलकेच शिंकरा, बाटली हलवा, मान किंचित खाली ठेवा, नळीचं टोक थोडंसंच आत घाला. फवारा मारताना फुलाचा वास घ्यावा इतकाच हळू श्वास आत घ्या आणि तोंडाने सोडा. घशात चव आली नाही तर जमलं असं समजा. पुढची दहा-पंधरा मिनिटं नाक शिंकरू नका. नवी बाटली किंवा आठवडाभर पडून राहिलेली बाटली असेल तर बारीक धुकं येईपर्यंत आधी हवेत मारा. नळीचं भोक बुजलं की सेफ्टी पिनने टोचायची खोड अनेकांना असते, ते करू नका. भोक मोठं होतं आणि मात्रा बिघडते. नळी काढून कोमट पाण्यात धुवा. जलनेती करत असाल तर ती आधी करा, उकळून गार केलेल्या पाण्याने, आणि स्प्रे त्यानंतर. एवढं करूनही खपली धरली किंवा थेंबभर रक्त आलं तर दोन-चार दिवस थांबा आणि दाखवून जा. पडद्याला भोक पडल्याचे प्रकार घडलेले आहेत, पण फार थोडे.

मुलांबद्दल आई-बाबा उंचीची काळजी करतात, आणि ती निराधार नाही. बेक्लोमेथासोन दिवसातून दोनदा, वर्षभर दिलेल्या मुलांची वाढ इतर मुलांपेक्षा साधारण ०.९ सेंटीमीटरने कमी भरली होती. मोमेटासोनवरच्या वर्षभराच्या अभ्यासात असा फरक आढळला नाही. म्हणून मुलांना रक्तात कमी उतरणारं औषध, सहसा एका नाकपुडीत एकच फवारा, आणि दर काही महिन्यांनी उंचीची नोंद, असं मी ठेवते. दुसरीकडे हेही पाहा: रात्रभर तोंड उघडं टाकून झोपणारं, सकाळी वर्गात पेंगणारं, तळहाताने नाक वर घासून घासून नाकावर आडवी रेघ उमटलेलं मूल. त्याला औषध न देणं हीसुद्धा इजाच आहे. नाक बिघडलं की छातीतला दमाही आवरत नाही.

काही जणांनी मात्र डॉक्टरांना आधी सांगायलाच हवं. काचबिंदू किंवा मोतीबिंदू असेल तर डोळ्यांची तपासणी चालू ठेवा. नाकाचं ऑपरेशन नुकतंच झालं असेल किंवा नाकात जखम असेल तर ती भरेपर्यंत थांबा. क्षयरोग असेल, डोळ्याला नागिणीसारखा संसर्ग झाला असेल तर सांगा. एचआयव्हीसाठी रिटोनाविर किंवा कोबिसिस्टॅट चालू असेल, बुरशीसाठी इट्राकोनाझोल चालू असेल तर हे आवर्जून सांगा. या औषधांमुळे यकृत स्टिरॉइड मोडू शकत नाही, ते रक्तात साठतं, आणि मग नाकाच्या एवढ्याशा फवाऱ्यानेही खरोखर चेहरा सुजू शकतो. गरोदर बाईने स्वतःच्या मनाने घेऊ नये, पण घाबरून सोडूही नये. बुडेसोनाइडचा अनुभव अशा वेळी सर्वांत जास्त आहे. आणि एकाच बाजूचं नाक चोंदत असेल, एकाच बाजूने रक्त किंवा घाण वास येत असेल तर ती ॲलर्जी समजून स्प्रे मारत बसू नका, ताबडतोब तपासून घ्या. मधुमेह असेल तर एक दिवसही थांबू नका.

ज्यांना दर ऑक्टोबरात त्रास होतो त्यांनी पितृपंधरवड्यातच स्प्रे सुरू करावा, म्हणजे सफाईची धूळ आणि फटाक्यांचा धूर येईपर्यंत औषध कामाला लागलेलं असतं. माळा झाडताना नाकातोंडाला मास्क, कोरड्या झाडूऐवजी ओलं फडकं, उशांचे अभ्रे आणि चादरी कडक गरम पाण्यात. त्रास आटोक्यात आला की दोन फवाऱ्यांवरून एकावर यायचं, मोसम सरला की बंद करायचं. स्टिरॉइडच्या गोळ्या हळूहळू सोडाव्या लागतात, तसं इथे करावं लागत नाही. पुढच्या खेपेला येताना बाटली बरोबर आणा आणि मारून दाखवा. घरात जुने ड्रॉप्स पडले असतील तर तेही आणा.