मैदानात खेळाडू, दवाखान्यात विद्यार्थी



आमच्या वसतिगृहातला एक जुना सोबती २०२० मध्ये अमेरिकेत ओहायो राज्यात शिकत होता. त्या ऑगस्टमध्ये त्याचा फोन आला. आम्ही कोरोनाची चौकशी केली, तर तो फुटबॉलवरच बोलत सुटला. त्याच्या गावात म्हणे एकच चर्चा होती : यंदा कॉलेज फुटबॉलचा मोसम होणार की नाही? हॉटेलवाला, टॅक्सीवाला, घरमालक, प्राध्यापक, सगळे हेच विचारत होते. शनिवारच्या सामन्यांवर कित्येकांचे वर्षाचे पोट चालते.

आम्ही हसलो. माणसे मरताहेत आणि यांना फुटबॉल सुचतो! पण फोन ठेवल्यावर हसू टिकले नाही. आम्हाला आमची कबड्डीची टीम आठवली. ती गोष्ट पुढे सांगूच. आधी तिकडचा मामला समजून घेऊ.

हा फुटबॉल आपला नव्हे. लंबगोल चेंडू, डोक्यावर शिरस्त्राण, आणि समोरच्याला अंगावर जाऊन आडवे करणे हाच खेळ. सहा फुटांचे अंतर वगैरे इथे शक्यच नाही. प्रत्येक डावात एकाचा श्वास दुसऱ्याच्या तोंडावर. मिशिगन विद्यापीठाच्या मैदानात एक लाखाहून जास्त लोक बसतात. काही विद्यापीठांच्या खेळखात्याचे वर्षाचे उत्पन्न २० कोटी डॉलरच्या घरात जाते. टीव्हीचे करार वेगळेच. अनेक राज्यांत सर्वाधिक पगार घेणारा सरकारी नोकर हा विद्यापीठाचा फुटबॉल प्रशिक्षक असतो. राज्यपाल त्याच्या जवळपासही नसतो. आणि ज्यांच्या हाडांवर हे सगळे उभे आहे, त्या खेळाडूंना २०२० मध्ये पगार शून्य होता. शिष्यवृत्ती मिळायची, राहणे-जेवण मिळायचे, पण खेळाची मजुरी नव्हती. वरच्या श्रेणीतल्या या खेळाडूंपैकी जवळपास निम्मे काळे आहेत. मुख्य प्रशिक्षक, खेळ-संचालक, कुलगुरू मात्र बहुतेक गोरे.

आता मोसमाचे काय झाले ते बघा. २०२० च्या मार्चमध्ये कॉलेज बास्केटबॉलची राष्ट्रीय स्पर्धा रद्द झाली. ८ जुलैला आयव्ही लीगने जाहीर केले की त्या वर्षी शरद ऋतूत कोणताही खेळ होणार नाही. बाबासाहेब जिथे शिकले ते कोलंबिया विद्यापीठ याच लीगमधले. ११ ऑगस्टला बिग टेन आणि पॅक-ट्वेल्व्ह या दोन बड्या गटांनी मोसम पुढे ढकलला. कोरोनानंतर हृदयाच्या स्नायूला सूज येते की काय, ही धास्ती डॉक्टरांनी बोलून दाखवली होती. पण दक्षिणेकडचे एसईसी, एसीसी आणि बिग ट्वेल्व्ह म्हणाले, आम्ही खेळणारच. आदल्याच दिवशी राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनीही ट्वीट करून फुटबॉल खेळा असे फर्मावले होते.

आम्हाला पडलेला पहिला प्रश्न साधा आहे. विषाणू एकच, खेळ एकच, खेळाडूंची फुप्फुसे सारखीच. मग निर्णय वेगळे कसे? ओहायोतल्या मुलाचे हृदय नाजूक आणि अलाबामातल्या मुलाचे लोखंडाचे, असे तर नाही ना?

याचे उत्तर विज्ञानात पुरते सापडत नाही, हिशेबात सापडते. आयव्ही लीग खेळासाठी शिष्यवृत्ती देत नाही आणि तिचा संसार फुटबॉलच्या पैशावर चालत नाही, म्हणून तिला शहाणपण लवकर सुचले. ज्यांचा संसारच त्यावर चालतो, त्यांना ते उशिरा सुचले किंवा सुचलेच नाही. आम्ही आयव्ही लीगची आरती करत नाही. ज्याचे काही बुडत नाही, त्याला नीतीने वागणे स्वस्त पडते, एवढेच म्हणतो.

त्याच ऑगस्टमधली गोष्ट घ्या. नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाने १० ऑगस्टला वर्ग सुरू केले आणि आठवडाभरात, १७ तारखेला, पदवीचे सगळे वर्ग ऑनलाइन करून टाकले. वसतिगृहांत कोरोना पसरला होता. विद्यार्थ्यांनी घरी जावे. आणि फुटबॉलची टीम? तिचा मोसम मात्र रद्द नव्हता. म्हणजे वर्गात बसून पुस्तक वाचणे धोक्याचे, पण मैदानात एकमेकांच्या अंगावर पडणे चालेल. ही मुले जर खरोखर विद्यार्थी असतील, तर बाकीच्या विद्यार्थ्यांसारखी घरी का गेली नाहीत? आणि कामगार असतील, तर त्यांचा पगार कुठे आहे?

या कोड्याला एक शब्द जबाबदार आहे : 'विद्यार्थी-खेळाडू'. हा शब्द आपोआप रूढ झालेला नाही, तो घडवलेला आहे. १९५५ साली कोलोरॅडोत एक कॉलेज खेळाडू सामन्यात डोक्याला मार लागून मेला. त्याच्या विधवेने कामगाराला मिळते तशी भरपाई मागितली. १९५७ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ती नाकारली, कारण कॉलेज काही फुटबॉलच्या धंद्यात नाही. त्याच काळात कॉलेज खेळांची मध्यवर्ती संस्था एनसीएए हिने 'विद्यार्थी-खेळाडू' हा शब्द रुजवला. तिचे तेव्हाचे प्रमुख वॉल्टर बायर्स यांनीच पुढे १९९५ च्या आपल्या पुस्तकात कबूल केले की खेळाडू उद्या कर्मचारी ठरतील या भीतीपोटी हा शब्द आणला गेला. ज्याने कुलूप बनवले, त्यानेच म्हातारपणी किल्ली दाखवली.

इथे आम्हाला आमची गोष्ट सांगावी लागते.

आम्ही समाजकल्याणच्या वसतिगृहात राहायचो. कॉलेजच्या कबड्डी संघातल्या सातपैकी पाच जण आमचे. खेळाचे सर प्रवेशाच्या वेळी वसतिगृहात येऊन पोरे हेरायचे. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा आली की आमची हजेरी माफ, नाश्त्याला दोन अंडी, प्राचार्यांचा हात खांद्यावर. एका उपांत्य सामन्यात आमचा सगळ्यात चांगला चढाईपटू पकडीत सापडला आणि त्याचा गुडघा फिरला. लिगामेंट तुटले. तरी आम्ही अंतिम सामना जिंकलो. करंडक आला, फोटो निघाला, पेपरात कॉलेजचे नाव छापून आले.

ऑपरेशनचा खर्च मागायला आम्ही कार्यालयात गेलो, तेव्हा उत्तर मिळाले : "तो विद्यार्थी आहे. हौस म्हणून खेळत होता. कॉलेजने जबरदस्ती केली होती का?" आम्ही वसतिगृहात वर्गणी काढली. ती एक्स-रे आणि गोळ्यांना पुरली, ऑपरेशनला नाही. तो आजही जिना उतरताना कठडा धरतो. करंडक कार्यालयाच्या काचेच्या कपाटात आहे. पुढे एका कामासाठी गेलो तेव्हा पाहिला, चांगला पुसलेला होता.

त्या दिवशी आम्हाला जे शब्दांत मांडता आले नाही, ते २०२० च्या अमेरिकन मोसमाने मांडून दिले. जिंकताना तू आमचा खेळाडू, मोडलास की नुसता विद्यार्थी. त्या वर्षी तिकडे काही विद्यापीठांनी सरावाला येणाऱ्या मुलांकडून कागद सही करून घेतले. कोरोनाचा धोका मला ठाऊक आहे, अशा अर्थाचे. त्यावर इतका गदारोळ झाला की ऑगस्टच्या सुरुवातीला एनसीएएला सांगावे लागले, जबाबदारी झटकणारे असे कागद खेळण्याची अट म्हणून घेता येणार नाहीत. आमच्याकडून कोणी कागदही घेतला नव्हता. त्याची गरजच पडली नाही.

आता एक आक्षेप. काही मित्र म्हणतील, खेळाडूंनाच खेळायचे होते, तुम्ही का रडता? खरे आहे. क्लेमसनचा गोरा क्वार्टरबॅक ट्रेव्हर लॉरेन्स याच्यासह शेकडो खेळाडूंनी 'आम्हाला खेळायचे आहे' अशी मोहीम चालवली. गरीब घरातल्या काळ्या पोरासाठी एक मोसम बुडणे म्हणजे व्यावसायिक लीगचे दार बंद होणे असू शकते. त्या दारातून शंभरात दोनही जात नाहीत, तरी दार ते दारच. आमच्या चढाईपटूलाही कोणी विचारले असते तर तो खेळतोच म्हणाला असता. रेल्वेत किंवा पोलिसात भरती हे त्याचे दार होते. म्हणून 'मोसम रद्द करा' एवढीच घोषणा देऊन आम्ही मोकळे होणार नाही. भुकेल्याला ताटावरून उठवणे म्हणजे न्याय नव्हे.

पण त्या मोहिमेची पुढची ओळ वाचा. खेळायचे आहे, पण सगळीकडे एकसारखे आरोग्याचे नियम हवेत. ज्याला त्या वर्षी खेळायचे नाही, त्याचे खेळण्याचे वर्ष बुडता कामा नये. आणि शेवटी खेळाडूंची स्वतःची संघटना हवी. त्याच्या आठवडाभर आधी, २ ऑगस्टला, पॅक-ट्वेल्व्हच्या खेळाडूंनी याहून कडक मागण्या मांडल्या होत्या : आरोग्याची हमी, वांशिक अन्यायाविरुद्ध ठोस पावले, उत्पन्नात निम्मा वाटा. नाहीतर मैदानात उतरणार नाही. खेळायचे की नाही यावर या मुलांत मतभेद असतील, पण आम्हाला विचारल्याशिवाय ठरवू नका, यावर एकमत होते. मोसम होईल का, हा प्रेक्षकाचा प्रश्न झाला. तो कोण ठरवणार आणि मोडला तर भरपाई कोण देणार, हा खेळाडूचा प्रश्न. चळवळीचा प्रश्न दुसराच असू शकतो.

आणि ही मुले नुसती मागत नाहीत, जिंकतातही. २०१५ मध्ये मिसुरी विद्यापीठात वर्णद्वेषाविरुद्ध आंदोलन पेटले होते. काळ्या खेळाडूंनी सांगितले, अध्यक्ष जाईपर्यंत आम्ही खेळणार नाही. पुढचा सामना रद्द झाला असता तर विद्यापीठाला १० लाख डॉलर भरावे लागले असते. दोन दिवसांत अध्यक्षांनी राजीनामा दिला. २०२० च्या जूनमध्ये मिसिसिपी स्टेटच्या कायलिन हिलने जाहीर केले की राज्याच्या झेंड्यावर गुलामीवाल्यांचे चिन्ह आहे तोवर मी या राज्यासाठी खेळणार नाही. त्या मागणीमागे अनेकांची अनेक वर्षांची लढाई होती, हे खरे. पण महिना संपण्याआधी तो झेंडा उतरवण्याचा कायदा झाला. ज्या हातांना मजुरी मिळत नव्हती, ते हात थांबले तर काय होते, ते कळले.

वंश आणि जात एकच, असे आम्ही म्हणत नाही. जात म्हणजे वंशभेद नव्हे, हे बाबासाहेबांनीच मांडून ठेवले आहे. पण शोषितांनी एकमेकांकडे पाहावे, हा आपला जुना वारसा आहे. जोतीरावांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामी मोडणाऱ्या सदाचारी लोकांना. आणि खेळाचे म्हणाल, तर पळवणकर बाळूंना पुण्यात हिंदू संघात घेतले ते त्यांची गोलंदाजी हवी होती म्हणून. मैदानात चेंडू त्यांच्या हातून घ्यायचा आणि मधल्या वेळेत त्यांना चहा मात्र बाहेर, मातीच्या भांड्यात. चेंडू बाटत नव्हता, कप बाटत होता. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेऊनही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांच्या वाट्याला आले नाही. ते त्यांच्या धाकट्या भावाला, विठ्ठलला, १९२३ मध्ये मिळाले, तेही भांडून.

साथ सगळ्यांना समान मारते, हेही खोटे. १९१८ च्या इन्फ्लुएंझात मुंबईत युरोपियनांपेक्षा खालच्या मानलेल्या जातींतली माणसे कितीतरी पट जास्त मेली. २०२० मध्ये अमेरिकेत काळ्यांचे मृत्यू त्यांच्या लोकसंख्येच्या मानाने जास्त होते. त्यांच्याच घरातला मुलगा शनिवारी टीव्हीवर करमणूक करायला उतरणार होता आणि सामना संपला की कोणाच्या तरी आजीजवळ घरी जाणार होता.

आपल्याकडेही २०२० च्या ऑगस्टमध्ये अंतिम वर्षाच्या परीक्षांचा वाद सर्वोच्च न्यायालयात होता. यूजीसी म्हणत होती सप्टेंबरअखेर परीक्षा घ्याच, राज्य सरकार म्हणत होते नको. त्या वर्षी आयपीएल अमिरातीत निघाली, कारण तिच्या खेळाडूंजवळ करार होता, विमा होता, बंद हॉटेल होते. गावाकडून एसटी नसताना परीक्षा केंद्रावर यायचे कसे, हे त्या विद्यार्थ्याला कोणी विचारले? ठरवणाऱ्या समितीत तो होता कुठे?

म्हणून आमचे तरुण मित्रांना सांगणे एवढेच. तुम्ही ज्या कॉलेजसाठी, विद्यापीठासाठी खेळता, तिथे मैदानात उतरण्याआधी तीन गोष्टी लेखी मागा : विमा आहे का, दुखापत झाली तर खर्च कोणाचा, आणि न खेळल्यास शिक्षा नाही ना. एकट्याने मागू नका. सातच्या सात जणांनी मिळून मागा. आम्ही तेव्हा ऑपरेशननंतरच्या पैशांसाठी गेलो होतो, सामन्याआधीच्या हक्कासाठी नाही. करंडक त्यांच्या कपाटात जाण्याआधी बोललो असतो तर त्यांना ऐकावे लागले असते. संघटित व्हा हे आम्ही भिंतीवर वाचत होतो, कबड्डीच्या संघालाही ते लागू आहे हे कळायला आम्हाला एक गुडघा मोजावा लागला.

जय भीम.