मामाची जीप आणि लाल तेल

आमच्या कॉलेजात, लेडीज हॉस्टेल असो की बॉईज, एक विषय निघाला की सबमिशनच्या आदल्या रात्रीसुद्धा कोणी झोपत नाही. तो म्हणजे गाडीचं मॉडिफिकेशन! कुणाला सायलेन्सर बदलायचा असतो, कुणाला जिप्सीला रुंद टायर चढवायचे असतात. पण त्या बदललेल्या गाडीत तेल कुठलं घालायचं, यावर मात्र कोणी अवाक्षर काढत नाही. ‘‘ऑइल काय गं, कुठलंही चालतं!’’ हे आमच्या मेकॅनिकलच्या भावी इंजिनिअरांचं ठाम मत. या ‘कुठलंही चालतं’ वर मला चार शब्द लिहायचे आहेत. मी कॉन्व्हेंटची, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ जरा सांभाळून घ्या!

माझं आजोळ हर्णेला. दापोली तालुक्यातलं हे बंदर, समोर पाण्यात सुवर्णदुर्ग. होड्या आल्या की बैलगाड्या थेट पाण्यात शिरतात, मासळी उतरवून घेतात आणि वाळूतच लिलाव सुरू होतो. माझा मामा तिथून क्रेट आणि बर्फाच्या पेट्या जुन्या कमांडर जीपमधून दापोलीला पोचवतो. तरुणपणी होडीवर दोराचा हिसका बसून त्याचा उजवा खांदा कायमचा अधू झाला. वाळूत उभ्या गाडीचं साधं स्टेअरिंग फिरवणं त्याला जमेना. जीप विकायची, नाहीतर तिला पॉवर स्टेअरिंग बसवायचं, असे दोनच मार्ग उरले. जीप विकली तर घर कशावर चालणार? मग मुंबईला कुर्ल्याच्या जुन्या स्पेअर पार्टच्या बाजारातून एका गाडीचा पंप आणि दुसऱ्याच गाडीचा स्टेअरिंग बॉक्स आला. मिस्त्रीने ब्रॅकेट वेल्ड करून दोन्ही बसवले. मामा खूश!

दीडेक वर्ष सगळं ठीक होतं. मग वाटेतल्या एका गॅरेजमध्ये तेल कमी दिसलं म्हणून तिथल्या माणसाने हाताशी असलेलं ब्रेक ऑइल ओतलं. पहिले काही दिवस काहीच झालं नाही. नंतर जीपखाली थेंब पडू लागले, वळताना पंप कण्हू लागला, आणि एका संध्याकाळी आसूदच्या वळणावर स्टेअरिंग एकदम जड झालं. मागे मासळीचे क्रेट, समोरून एसटी. मामाने डाव्या हाताने आणि छातीने चाक दाबत जीप कशीबशी गडग्याला नेऊन टेकवली. मामीने फोनवर हे सांगितलं तेव्हा तिचा आवाज नेहमीसारखा नव्हता.

आता जरा थिअरी, पण घाबरू नका. पॉवर स्टेअरिंगमधलं तेल हे केवळ वंगण नव्हे. इंजिनचा पट्टा पंप फिरवतो, पंप तेलावर दाब आणतो आणि तो दाब चाकं वळवायला हात देतो. हा दाब शंभर बारच्या आसपास जाऊ शकतो, म्हणजे टायरमधल्या हवेच्या साधारण चाळीस-पन्नास पट! शिवाय तेच तेल पंपाला वंगण देतं, उष्णता वाहून नेतं आणि रबरी सील मऊ ठेवतं. गोम आहे ती या सीलमध्ये. स्टेअरिंगचे सील सहसा नायट्राइल रबराचे असतात, त्यांना खनिज तेल मानवतं. ब्रेक ऑइल म्हणजे डॉट 3, डॉट 4, ते ग्लायकॉलचं. त्याने हे सील फुगतात, मऊ पडतात आणि गळू लागतात. उलट ब्रेकचे सील वेगळ्या रबराचे. त्यांत खनिज तेल गेलं तर त्यांचीही तीच गत. दोन्हींना आपण ‘ऑइल’ म्हणतो, पण एकाचं अन्न ते दुसऱ्याचं विष!

सुट्टीत मी हर्णेला गेले. पावसाळी बंदीमुळे होड्या वर ओढलेल्या, जीप पडवीत उभी. मामाचं म्हणणं, ‘‘काय गो, जीपचं पुस्तक हाय ना, त्यात बघ.’’ पण त्या पुस्तकात पॉवर स्टेअरिंगच नव्हतं! मॉडिफाइड गाडीची खरी अडचण हीच आहे. बॉनेटवर नाव कुणाचंही असो, तेल ठरवतात पंप आणि बॉक्स. तेव्हा त्यांचं मूळ गाव शोधायचं.

डिझेल आणि तारेचा ब्रश घेऊन पंप घासला. टाकीच्या झाकणावर पुसट अक्षरं निघाली : ‘एटीएफ डेक्सरॉन’. बॉक्सवरचा नंबर उतरवून घेतला आणि तो ज्या गाडीचा होता तिचं मॅन्युअल मिळवलं. त्यातही एटीएफच. दोघांचं जमलं! जमलं नसतं तर दोघांपैकी एक बदलावा लागला असता, कारण तेल दोघांतून एकच फिरतं.

एटीएफ म्हणजे खरं तर ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल. फ्रान्सिस डेव्हिस या अमेरिकन इंजिनिअरने 1926 मध्येच पॉवर स्टेअरिंग गाडीला लावून दाखवलं होतं, पण बाजारातल्या मोटारीत ते 1951 मध्ये क्रायस्लरने आणलं. तोवर जनरल मोटर्सचं ‘टाइप ए’ हे गिअरबॉक्सचं तेल आलेलं होतं. पातळ, फेस न धरणारं तेल स्टेअरिंगलाही चालून गेलं. डेक्सरॉन हा त्याचाच पुढचा वंश. गळती चटकन ओळखावी म्हणून त्याला लाल रंग देतात.

सल्ले देणारे पुष्कळ भेटले. एक म्हणाला, हायड्रॉलिकचं 68 नंबर घाल. हा 68 म्हणजे 40 अंशाला त्याचा दाटपणा. डेक्सरॉनचा साधारण त्याच्या निम्मा. दाट तेल बारीक वाटांतून उशिरा पोचतं आणि पंपावर ताण येतो. दुसऱ्याने काही जर्मन गाड्यांत लागणारं हिरवं सिंथेटिक सुचवलं. उणे चाळीस अंशातही ते वाहतं म्हणे! हर्णेला अंगावर गोधडी घ्यायची वेळ मुश्किलीने येते, तिथे उणे चाळीसचं काय करायचं? आमची अडचण उलटी. वाळूत रुतलेली चाकं उभ्या गाडीत वळवायची म्हणजे दाब टोकाला जातो आणि तेल तापतं. म्हणून मामाला एक पथ्य सांगितलं : चाक शेवटपर्यंत वळवून तसंच धरून ठेवायचं नाही.

सगळे सील आणि रबरी होज नवे घातले, कारण नुसतं तेल बदलून फुगलेलं रबर बरं होत नाही. मग पुढची चाकं जॅकवर उचलली, परतीचा पाईप बाटलीत सोडला, इंजिन बंद ठेवून चाक या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं. स्वच्छ लाल तेल येईपर्यंत वरून ओतत राहिलो. शेवटी बुडबुडे थांबेपर्यंत हवा काढली. मामा म्हणाला, ‘‘कालेजात हेच शिकवतात काय?’’ मी म्हटलं, हे सोडून बाकी सगळं शिकवतात! (सर, राग नसावा.)

मित्रांनो, कंपनी गाडीबरोबर पुस्तक देते ते तिने बनवलेल्या गाडीचं. आपण तीत बदल केला की त्या पुस्तकाची पुढची पानं आपण लिहायची असतात. मामाच्या बॉनेटच्या आत मी एक पान प्लास्टिकमध्ये घालून चिकटवलं आहे : पंप कुठल्या गाडीचा, बॉक्स कुठल्या गाडीचा, तेल डेक्सरॉन तीन, आणि खाली मोठ्या अक्षरांत ‘ब्रेक ऑइल घालू नये’. सगळं मराठीत, कारण बॉनेट उघडणारा पुढचा माणस कॉन्व्हेंटमध्ये शिकलेला असेलच असं नाही. ते चार ओळींचं पान लिहायला मला अर्धा तास लागला. ‘पंपा’वरचा अनुस्वार मामीने दुरुस्त केला. जीप मात्र ऑगस्टपासून रोज आसूद चढते आहे.