फरशीखालची ओल

काका बँकेतून निवृत्त झाले तेव्हा नागपूरला परत जायचं की जयपूरलाच राहायचं, यावर घरात फारशी चर्चा झाली नाही. मुलगा आणि सून जयपूरला होते, आणि काकूंना आमेर आवडत होतं. खेरी गेटच्या बाजूला एका गल्लीत जुनं दुमजली घर मिळालं आणि फंडातले बरेचसे पैसे त्यात गेले. उरले ते सूनबाईच्या कामासाठी राखून ठेवले होते. तिला तळमजल्यावर ठशांच्या छपाईचं छोटं कारखानावजा काम सुरू करायचं होतं.

तळमजल्यावर दोन खोल्या. पुढची वीस बाय पंधरा फुटांची, आधीच्या मालकाने गाडी ठेवण्यासाठी काँक्रीट ओतलेली. मागची लहान, जुन्या दगडी फरशांची, खाली चुना आणि माती. छपाईत रंग सांडतो, पाणी सांडतं, आणि दगड व त्याचे सांधे दोन्ही पिऊन घेतात. म्हणून काकांनी ठरवलं, दोन्ही खोल्यांना एपॉक्सी. एका औषध कंपनीत त्यांनी तशी फरशी पाहिली होती. सांधा नाही, डाग नाही, आरशासारखी चमक.

एप्रिलमध्ये तीन ठेकेदारांना विचारलं. पहिल्याने फोनवरच चौरस फुटाचा दर सांगितला. जागा बघायला यायचीसुद्धा गरज नाही म्हणाला. ‘‘अंकल, चार दिवसांत काम संपवून देतो.’’ दुसरा आला तो अल्बम घेऊन. त्यात फरशीवर समुद्र होता, मासे होते, एका न्हाणीघरात तर अख्खा धबधबा. काका रमून गेले. काकूंनी फक्त विचारलं, ‘‘खालच्या जमिनीचं काय करणार?’’ तो म्हणाला, ‘‘माताजी, वरून सगळं झाकलं जातं.’’

तिसरा ठेकेदार वयाने पोक्त, बोलायला कमी. त्याने आधी छोट्या हातोडीने काँक्रीट ठोकून पाहिलं. दोन ठिकाणी पोकळ आवाज आला, तिथे खडूने वर्तुळं काढली. स्कूटरच्या तेलाचा जुना डाग होता, त्यावर थोडं पाणी टाकलं. पाणी मुरलं नाही, थेंब होऊन राहिलं. ‘‘इथे काहीच चिकटणार नाही. हा थर मशीनने घासून काढावा लागेल,’’ तो म्हणाला. मग दोन्ही खोल्यांत प्लास्टिकचा दीड दीड फुटाचा तुकडा अंथरून चारही कडा चिकटपट्टीने बंद केल्या आणि उद्या येतो म्हणून निघून गेला. दर सांगितलाच नाही.

दुसऱ्या दिवशी प्लास्टिकखाली दोन्हीकडे कोरडं होतं. काका खूश. ठेकेदार मात्र म्हणाला, ‘‘एप्रिलमध्ये राजस्थानात सगळंच कोरडं असतं. पाऊस झाल्यावर पुन्हा बघू. शिवाय आता पुढे उन्हाळा. पारा पंचेचाळीसच्या घरात गेला की रेझिन आणि हार्डनर मिसळल्यावर माल बादलीतच घट्ट व्हायला लागतो, पसरायला वेळ मिळत नाही.’’

घरात थोडी कुरबुर झालीच. सूनबाईला दिवाळीपूर्वीच्या ऑर्डरी हातून जाताना दिसत होत्या. ‘‘आई, चार दिवसांत करून देणारा आहे, आणि आपण सहा महिने थांबणाऱ्याला काम देतोय,’’ ती म्हणाली. तिचंही चूक नव्हतं. तेवढे महिने तिला गच्चीवर उन्हात टेबल मांडावं लागणार होतं.

त्या दरम्यान नागपूरहून पाहुणे आले आणि रिवाजाप्रमाणे त्यांना महालात न्यावं लागलं. आमेरच्या महालाचं काम राजा मानसिंगाने 1592 मध्ये सुरू केलं, आणि पुढे मिर्झाराजा जयसिंगाने त्यात भर घातली. मराठी पाहुण्यांना तिथे हमखास पुरंदरचा तह आठवतो. काकूंचं लक्ष मात्र त्या दिवशी भिंतींच्या गिलाव्याकडे होतं. जयपूरच्या या कामाला आराइश म्हणतात. चुना पाण्यात दीर्घकाळ भिजत ठेवायचा, त्यात दही, गूळ, मेथी घालायची, संगमरवराची भुकटी मिसळून थर द्यायचे, अकीकाच्या दगडाने घोटून घोटून चकाकी आणायची आणि शेवटी खोबरेल तेलाचा हात फिरवायचा. घोटणाऱ्याने घाई केली तर चमक येत नाही. घराजवळच्या जुन्या हवेलीचंही तसंच. ती जपून दुरुस्त केल्याबद्दल 2000 साली युनेस्कोचा पुरस्कार मिळाला आणि 2005 पासून तिथे हातछपाईचं संग्रहालय आहे.

काकूंनी घरी येऊन वही काढली. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर जाडीचा थर द्यायचा तर एक लिटर माल लागतो, हे साधं गणित आहे. पुढची खोली तीनशे चौरस फूट, म्हणजे सुमारे अठ्ठावीस चौरस मीटर. दोन मिलिमीटर जाडीला छप्पन्न लिटर हवेत. पहिल्या ठेकेदाराने दोन मिलिमीटर कबूल केलं होतं आणि त्याच्याच चिठ्ठीत वीस लिटरच्या दोन बादल्या लिहिल्या होत्या. चाळीस लिटरमध्ये दीड मिलिमीटरही होत नाही. ‘‘अहो, तुमचा स्वस्त दर इथे आहे,’’ काकूंनी आकड्यावर बोट ठेवलं. बँकेत आयुष्यभर कर्जाचे अर्ज तपासलेल्या माणसाला हे आधी सुचलं नाही, याची गंमत सूनबाईने पुढे बरेच दिवस केली.

तिसऱ्याने आपलं जुनं काम बघायला पाठवलं तेही नवंकोरं नव्हे. विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्रातलं एक गोदाम, फरशी तीन वर्षांची. चमक कमी झाली होती, दाराजवळ ऊन पडतं तिथे रंग पिवळट झाला होता, पण फुगा किंवा पापुद्रा कुठेच नव्हता. पिवळेपणाबद्दल त्याने आधीच सांगितलं होतं: ऊन लागेल तिथे साधं एपॉक्सी पिवळं पडतंच, म्हणून अंगणात घालू नका.

सप्टेंबरच्या शेवटी त्याने पुन्हा प्लास्टिक चिकटवलं. पुढच्या खोलीत कोरडं. मागच्या खोलीत प्लास्टिकच्या आतल्या बाजूला पाण्याचे थेंब जमले होते आणि दगड काळा पडला होता.

काका त्या तुकड्याकडे कितीतरी वेळ बघत राहिले. एप्रिलमध्ये चार दिवसांत काम उरकलं असतं, तर पावसानंतर मागची सगळी फरशी फोडांनी भरली असती. एवढ्यावर थांबलं नसतं. जुन्या घरात जमिनीतली ओल दगडाच्या सांध्यांतून, चुन्यातून हळूहळू बाहेर पडत असते. वरून झाकण बसलं की ती भिंतीत चढते. ‘‘ही खोली मी करणार नाही,’’ ठेकेदार म्हणाला. निम्मं काम नाकारणारा ठेकेदार काकांनी पहिल्यांदाच पाहिला. सांधे चुन्यानेच भरून घ्यायला त्याने एका म्हाताऱ्या कारागिराचं नाव दिलं.

करार मात्र काकांनी आपल्या पद्धतीने केला. पुरंदरला 1665 मध्ये तेवीस किल्ले द्यायचे आणि बारा राखायचे हे मोजून ठरलं होतं, तसं इथेही सगळं मोजून लिहिलं: जाडी किती, माल कोणत्या कंपनीचा, बादल्या घरच्यांसमोरच फोडायच्या, घासकाम आणि पोकळ जागांची दुरुस्ती दरातच, पक्कं बिल. पाय घसरू नये म्हणून वरच्या थरात बारीक क्वार्ट्झ वाळू, कारण काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. पैसे तीन हप्त्यांत, शेवटचा हप्ता पहिल्या धुण्यानंतर.

दिवाळीनंतर काम झालं. दोन दिवस नुसतं घासणं आणि धूळ ओढणं चाललं होतं; शेजारपाजार वैतागला. काकूंनी दारात उभं राहून तीन बादल्या मोजल्या. दुसऱ्या दिवशी चालता येत होतं, पण टेबलं आत न्यायला सात दिवस थांबावं लागलं. आठव्या दिवशी सूनबाईने लाल रंगाचा मग मुद्दाम ओतला, पुसून काढला आणि शेवटचा हप्ता दिला गेला.

मागच्या खोलीत आता रंगाच्या बादल्या असतात. तिथला दगड अजून डाग पितो. काका त्यावरून जाताना खाली बघत नाहीत.