खाद्यजत्रेत कडेवरचे मूल

डिसेंबर ते फेब्रुवारी हा महाराष्ट्रातील शहरांत खाद्यजत्रांचा हंगाम असतो. पुण्यातील भीमथडी जत्रा, राज्याच्या ग्रामविकास विभागाच्या ‘उमेद’ अभियानातर्फे मुंबईत भरणारे महालक्ष्मी सरस, वर्सोव्याच्या कोळीवाड्यातला सी-फूड फेस्टिव्हल ही त्यांतली ठळक नावे. लहानमोठी आणखी कितीतरी भरतात. या जत्रांत कडेवरची आणि बोट धरून चालणारी मुले मोठ्या संख्येने दिसतात, आणि त्यांना आणण्यामागे मौजेइतकाच एक शैक्षणिक हेतूही असतो : पोराला नूडल्स-पिझ्झाच्या पलीकडची चव कळावी, कळण्याची भाकरी, वांग्याचे भरीत, खापरावरची पुरणपोळी या गोष्टी त्याच्या जिभेवर एकदा तरी याव्यात. हेतू चांगला आहे, परंतु दोन ते सहा वर्षांच्या मुलाच्या बाबतीत तो चुकीच्या ठिकाणी लावला जातो, कारण या वयाचे मूल जत्रेत फारसे खात नाही आणि त्याने खावे अशी अपेक्षा धरणेच मुळात गैर आहे.

या वयात अनोळखी अन्नाची धास्ती सर्वाधिक असते. मानसशास्त्रात तिला ‘फूड निओफोबिया’ म्हणतात, म्हणजे पूर्वी न खाल्लेला पदार्थ केवळ नवा आहे एवढ्याच कारणाने नाकारण्याची प्रवृत्ती. माणूस सर्वभक्षी प्राणी असल्याने, आणि नुकते चालू लागलेले मूल हाताला लागेल ते तोंडात घालत असल्याने, ही धास्ती हट्टीपणाचे लक्षण न मानता संरक्षणाची उपजत व्यवस्था मानली जाते. लीन बर्च आणि त्यांच्या सहकारी मार्लिन यांनी १९८२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात दोन वर्षांच्या मुलांना काही नवे पदार्थ कमीअधिक वेळा, दोनपासून वीस वेळांपर्यंत, चाखायला दिले होते, आणि जो पदार्थ जितक्या जास्त वेळा चाखला तितकी त्याची पसंती वाढत गेली असे त्यात आढळले. रुची ही सवयीने येते, आणि सवयीला तेच ताट, तीच माणसे, तीच वेळ लागते. चिऊ-काऊचे घास भरवणाऱ्या आजीला हे कोणी शिकवावे लागले नव्हते. खाद्यजत्रेची रचना याच्या नेमकी उलट असते. तिथे एका संध्याकाळी दहा जिल्ह्यांचे पदार्थ समोर येतात, प्रत्येक पदार्थ एकदाच येतो, तोही उभ्याउभ्या, कागदी द्रोणात, मागच्या माणसाचा धक्का लागत असताना. ‘एक घास खा, मग पाळण्यात बसवतो’ हा सौदा तिथे हमखास ऐकू येतो, आणि तो बहुधा अंगलट येतो, कारण बक्षिसाच्या आमिषाने खाऊ घातलेला पदार्थ मुलांना पुढे अधिकच नकोसा होतो असेही अशा अभ्यासांत दिसून आले आहे.

त्यात तिखटाची भर पडते. जत्रेतला रस्सा मोठ्यांसाठी केलेला असतो आणि झणझणीतपणा हीच त्याची जाहिरात असते. मिरचीतील कॅप्सेसिन हे द्रव्य जिभेवरील चवीच्या पेशींना जाणवत नाही. उष्णता आणि वेदना ओळखणाऱ्या मज्जातंतूंवरील एका ग्राहीला, म्हणजे विशिष्ट संदेश टिपणाऱ्या प्रथिनाला, ते जागे करते. हे ग्राही शोधून काढण्याचे श्रेय डेव्हिड ज्युलियस यांना जाते आणि त्यांना २०२१ मध्ये वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. म्हणजे तांबड्या रश्श्याच्या थेंबाने रडणारे मूल नखरे करत नसते, त्याला खरोखरच भाजल्याची जाणीव होत असते. मोठ्यांनी ती जाणीव वर्षानुवर्षांच्या सरावाने आवडीत रूपांतरित केलेली असते, एवढाच फरक.

जुन्या जत्रेत मुलाच्या खाण्याचा हा प्रश्न उद्भवत नव्हता. ग्रामदैवताच्या जत्रेत खाणे हा आनुषंगिक भाग असे. देवदर्शन, पालखी, कुस्त्यांचा फड, पाळणे, पिपाण्या यांच्या गर्दीत गोडीशेव आणि रेवड्या पुडीत बांधून घरी नेण्यासाठी घेतल्या जात आणि पुढचे चार दिवस पुरत. आधुनिक खाद्यजत्रेने देव आणि फड दोन्ही बाजूला काढून खाण्यालाच मध्यभागी बसवले. दोन-तीन वर्षांच्या ज्या मुलाची दिवसाची गरज सुमारे हजार किलोकॅलरी, म्हणजे बैठे काम करणाऱ्या पुरुषाच्या जेमतेम निम्मी असते, त्याला या नव्या मांडणीत पंधरा-वीस मिनिटांनंतर काही कामच उरत नाही, आणि मग ते पाय आपटू लागले की दोष त्याच्या स्वभावाला दिला जातो.

तरीही लहान मुलांना अशा ठिकाणी नेऊ नये असा निष्कर्ष यातून निघत नाही. त्यांना तिथे मिळण्यासारखे काही आहे, फक्त ते द्रोणात मिळत नाही. शहरी घरात अन्न शिजते ते ओट्यावर, म्हणजे मुलाच्या डोक्याच्या जवळजवळ उंचीवर. तीन वर्षांच्या मुलाची उंची साधारण ९५ सेंटिमीटर असते, त्यामुळे कढईची बाहेरची बाजू आणि वर जाणारी वाफ याखेरीज त्याला काही दिसत नाही. खाद्यजत्रेतही पुष्कळ दुकाने टेबलांच्या आड असतात आणि मुलाच्या वाट्याला माणसांचे पाय आणि पिशव्यांचे तळ येतात. मात्र जिथे जमिनीलगत चूल मांडलेली असते तिथे सगळे चित्र पालटते, कारण चुलीपुढे बसलेल्या बाईचे हात आणि उभ्या मुलाचे डोळे एका पातळीवर येतात. खानदेशी मांडे करताना पाहण्यासारखी दुसरी गोष्ट अशा जत्रेत क्वचितच असेल. भरपूर पाणी घालून तिंबलेली, तार सुटणारी सैल कणीक. तिच्यात भरलेला पुरणाचा गोळा. आधी तळव्यांवर थापून मग दोन्ही हातांवर उलटसुलट झुलवत वाढवलेली आणि शेवटी कोपरापर्यंत लोंबू लागलेली पोळी. आणि ती फाटणार असे वाटत असतानाच पालथ्या घातलेल्या मातीच्या खापरावर एका फेकीत अचूक पसरली जाणे. खापरावर पडताच पोळीवर फोड येतात, कडा सुटतात, आणि रुमालासारखी घडी होऊन ती खाली उतरते. जे मूल पुरणाचा कण तोंडात घ्यायला तयार नसते, तेही हे सारे टक लावून पाहते आणि ‘परत’ म्हणून पुढच्या पोळीची मागणी करते.

अशा पाहण्याने ते पुरणपोळी खाऊ लागेल असे समजणे मात्र भाबडेपणाचे ठरेल. बर्च यांच्याच १९८७ च्या एका अभ्यासात, नुसता पाहिलेला पदार्थ मुलांना दिसायला आवडू लागतो पण चाखलेला पदार्थच खायला आवडू लागतो, असा स्पष्ट भेद आढळला. चुलीपुढे उभे राहण्याचा लाभ आवडीनिवडीच्या खात्यात जमा होत नाही. दारावरची घंटा वाजली की खोक्यातून अन्न येते अशी ज्याची समजूत होऊ लागली आहे, त्या मुलाला अन्न कोणाच्या तरी हातांतून, धुरात डोळे चोळत आणि पोळण्याचा धोका पत्करून तयार होते हे कळणे, हीच त्या संध्याकाळची मिळकत; आणि ती रिकाम्या पोटी किंवा घरून नेलेला दहीभात खाऊनही मिळू शकते. सावधगिरीच्या गोष्टी त्यामानाने थोड्या आहेत : चुलीपासून आणि तेलाच्या कढईपासून अंतर राखणे, चिक्कीतले अख्खे शेंगदाणे व अख्खी द्राक्षे श्वासनलिकेत अडकू शकत असल्याने पाच वर्षांच्या आतील मुलांना तशीच न देणे, वर्षाच्या आतल्या बाळाला रानमधाचे बोटही न चाटवणे, आणि शक्य तर आडवारी, दुकाने उघडतात त्या वेळेला जाणे.

ज्या उत्सवांत खाण्याइतकेच पिण्यालाही महत्त्व असते तिथे प्रश्न वेगळा होतो. महाराष्ट्रात वाईन आणि बिअर यांसाठी २१ आणि इतर मद्यांसाठी २५ वर्षे ही वयोमर्यादा आहे. पण ती कोण पिऊ शकतो एवढेच ठरवते, पिणाऱ्यांच्या सोबत आलेल्या मुलाचे काय, याचे उत्तर तिच्यात नाही. १८१० पासूनची परंपरा सांगणाऱ्या म्युनिकच्या ऑक्टोबरफेस्टने ते घड्याळाच्या भाषेत दिले आहे : सहा वर्षांखालील मुलांना, आईवडील बरोबर असले तरी, रात्री आठनंतर बिअरच्या तंबूत थांबता येत नाही आणि बाबागाड्यांना शनिवारी व एरवी संध्याकाळी सहानंतर मैदानावर मज्जाव असतो. दुपारी तोच उत्सव कुटुंबांचा असतो. नाशिकच्या द्राक्षमळ्यांत संगीत आणि वाईनचे मेळे भरू लागले आहेत, त्यांच्यासाठी हा नमुना विचारात घेण्यासारखा आहे, कारण मुलांना सरसकट बंदी घालणे किंवा सरसकट मोकळीक देणे यापेक्षा त्यात समंजसपणा अधिक आहे.

आपल्याकडच्या संयोजकांना मुलांची आठवण होते ती हवा भरलेल्या घसरगुंड्या आणि तिकिटे लावलेले खेळ एका कोपऱ्यात मांडण्यापुरती, आणि त्यामुळे मूल चुलीजवळ येण्याऐवजी तिच्यापासून आणखी लांब जाते. शिवाय जत्रेत मुलांचा दुसराही एक वर्ग असतो. बचतगटांतर्फे, म्हणजे गावातील दहा-बारा महिलांनी मिळून चालवलेल्या बचत आणि कर्जाच्या मंडळांतर्फे, दुकान लावणाऱ्या बायका अनेकदा आपली लहान पोरेही बरोबर आणतात. ही पोरे कनातीच्या मागे, पिठाच्या गोण्या आणि पाण्याचे पिंप यांच्यामध्ये चार-पाच दिवस काढतात; मांड्यांचे त्यांना काडीचे कौतुक नसते, त्यांचा जीव असतो तो समोरच्या गाडीवरच्या गुलाबी ‘म्हातारीच्या केसां’त. ग्राहकाच्या मुलासाठी घसरगुंडी भाड्याने आणणाऱ्या संयोजकांना या मुलांसाठी एक पाळणाघर चालवणे जड जाऊ नये, पण जत्रेच्या आराखड्यात दुकानाची जागा, विजेचे कनेक्शन आणि गॅसची टाकी एवढेच धरलेले असते.