चौकट आणि गादी

मराठी समीक्षेत 'चौकट' हा शब्द आता इतका रुळला आहे की तो मुळात सुतारकामातला शब्द आहे, याची आठवण क्वचितच कुणाला होते. सैद्धांतिक चौकट, विश्लेषणाची चौकट, चौकटीबाहेरचे लेखन असे आपण सहज म्हणून जातो. चौकटीत काय बसते आणि काय बसत नाही, यावर परिसंवादही होतात. आम्हा भावंडांना मात्र मध्यंतरी एका खऱ्याखुऱ्या लाकडी चौकटीत मोठी गादी बसवायची होती, आणि त्या खटाटोपात 'बसणे' या क्रियापदाचाच फेरविचार करावा लागला. तो येथे मांडावासा वाटतो.

पलंग आईचा. वडिलांनी गावच्या सुताराकडून करवून घेतलेला, सागवानी. आतले माप ६६ इंच रुंद, ७५ इंच लांब. उशाकडे कोरीव फळी, चारही खुरांच्या माथ्याला मच्छरदाणीचे दांडे बसवायच्या खाचा. त्यावर ३३ इंचांच्या दोन कापसाच्या गाद्या, पिंजाऱ्याने अंगणात बसून भरलेल्या. वडील गेल्यानंतर आई शहरात आमच्याकडे राहायला आली, तेव्हा पलंगही सुटा करून आणला. पुढे तिची पाठ दुखू लागली, गाद्यांतला कापूस जागोजाग दबला होता, आणि नवी गादी घ्यायचे ठरले. अमेरिकेतल्या धाकट्या भावाने फोनवरच निकाल दिला, "किंग साइज घ्या, प्रश्न मिटला."

प्रश्न तिथूनच सुरू झाला. 'किंग' हे नाव एक, पण मापे देशोदेशी वेगळी. अमेरिकेत किंग गादी ७६ इंच रुंद व ८० इंच लांब असते. तिथेच 'कॅलिफोर्निया किंग' म्हणून आणखी एक प्रकार आहे, तो ७२ बाय ८४; म्हणजे रुंदीला कमी, लांबीला जास्त. ब्रिटनमध्ये किंग म्हणजे ६० बाय ७८. एवढ्या रुंदीला अमेरिकेत 'क्वीन' म्हणतात. आपल्या दुकानांत किंग म्हणून बहुधा ७२ बाय ७८ची गादी मिळते, ७२ बाय ७५चीही मिळते. युरोपीय पद्धतीच्या मोठ्या पलंगाचे माप सेंटिमीटरमध्ये १८० बाय २००. त्यावर आपली ७२ बाय ७८ची गादी ठेवली तर ती रुंदीला सुमारे ३ सेंटिमीटर जास्त भरते आणि लांबीला सुमारे २ सेंटिमीटर कमी पडते. भारतात १९५६च्या कायद्याने मेट्रिक पद्धत आली, पण गादीवाला आणि सुतार आजही इंचातच बोलतात. साहित्याच्या अभ्यासकांना याचे नवल वाटू नये. 'रोमँटिक' किंवा 'आधुनिक' ही नावे एका भाषेतून दुसरीत येतात तेव्हा त्यांचीही मापे बदललेली असतात, आणि वाद पुष्कळदा मापांचा असून नावांवरून रंगतो.

पूर्वी हा प्रश्न पडत नसे, कारण क्रम ठरलेला होता. सुतार खोली पाहून पलंग करी. पिंजारी पलंग पाहून गादी भरी. आता गादी कारखान्यातून ठरावीक मापात येते आणि पलंगाने तिच्याशी जुळवून घ्यायचे असते. शिवाय लांबी-रुंदी जुळली म्हणजे सारे जुळले असेही नाही. रुंद पलंगाच्या आडव्या पट्ट्यांना मधोमध आधार आणि त्या आधाराला जमिनीपर्यंत पोचणारा पाय नसेल, तर पट्ट्या वाकतात आणि नवी गादीही खोलगट होते. पट्ट्यांमधले अंतर फार असेल तर फोम त्या फटींत उतरतो. उशाची फळी चौकटीला जोडलेली असते, गादीला नव्हे. त्यामुळे गादी आखूड पडली की दोहोंमध्ये फट राहते आणि रात्री उशी तीत घसरते. सर्वांत कमी लक्ष जाते ते जाडीकडे.

आमच्या पलंगाच्या फळ्या जमिनीपासून १३ इंचांवर. त्यावर ४ इंचांची कापसाची गादी, म्हणजे बैठक १७ इंचांची. दुकानात दाखवलेली मोठी गादी १० इंच जाडीची होती. तिच्यामुळे बैठक २३ इंचांवर गेली असती. उशाची फळी गादीच्या वर १६ इंच दिसे, ती १० इंचच उरली असती. कोरलेल्या वेलाची खालची ओळ झाकली गेली असती आणि रात्री वाचत बसणाऱ्या आईच्या पाठीला आधार पुरला नसता. आम्हाला सल्ले दोन मिळाले. पलंग वाढवून ७२ इंचांचा करून घ्या, किंवा जुना देऊन नवा आणा. आईने दोन्ही शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, "बसले की माझे पाय जमिनीला टेकले पाहिजेत. बाकी तुमचे तुम्ही बघा."

या वाक्याने चर्चेत तिसरे माप आणले: निजणाऱ्याचे. ग्रीक कथेतला प्रोक्रस्टीज वाटसरूंना आपल्या पलंगावर निजवी. आखूड भरणाऱ्याला ताणी, लांब भरणाऱ्याचे पाय कापी. चौकटीचा अट्टहास धरणाऱ्या समीक्षकाला आपण त्याचे नाव देतो. पण पलंग एका मापाचा असणे हा काही त्याचा गुन्हा नव्हता. पलंग सुताराकडे देता आला असता. बदलण्यासाठी त्याने निवडला तो माणूस. अंथरूण पाहून पाय पसरावेत हे शहाणपण खर्चाच्या बाबतीत ठीक आहे. खऱ्या अंथरुणाच्या बाबतीत पाय पाहूनच अंथरूण करायचे असते.

'ओडिसी'च्या २३व्या सर्गात पेनेलोपी परतलेल्या नवऱ्याची परीक्षा पलंगावरूनच घेते. पलंग बाहेर काढून त्यावर अंथरा, असे ती दासीला सांगते आणि ओडिसियस संतापतो. कारण जमिनीत मुळे असलेल्या ऑलिव्हच्या झाडाच्या बुंध्याचाच त्याने खूर केला होता आणि भोवती खोली बांधली होती. ही गोष्ट त्या दोघांखेरीज एका दासीलाच ठाऊक होती. आमचा पलंग असा अचल नव्हता, तो टेम्पोतून आला. पण त्यातही काही गुपित होतेच. वडील चांगले उंच, आई ठेंगणी. तरी १७ इंचांची बैठक आईच्या गुडघ्याच्या मापाची होती. वडिलांनी याचा कधी उच्चार केला नाही. आम्हाला ते टेप हातात घेतल्यावर कळले.

पलंग तसाच ठेवला. मापाप्रमाणे गादी करून देणारे अजून मिळतात. आतल्या मापापेक्षा अर्धा इंच कमी सांगितली, चादर खोचायला बोटे शिरावीत म्हणून. जाडी ५ इंच. आणि मधल्या आधाराला एक नवा पाय जोडला. आम्ही एकच गादी सांगणार होतो, आईने दोन मागितल्या. उचलून उलटायला सोप्या पडतात, एवढेच कारण तिने दिले. अमेरिकेतही किंग गादीखालचा स्प्रिंगचा पाया बहुधा ३८ इंचांच्या दोन भागांत येतो, जिन्याच्या वळणावरून नेता यावा म्हणून. हे धाकट्या भावानेच सांगितले. आई एका गादीवर निजते. दुसरीवरही चादर रोज नीट घातली जाते, आणि तिथे तिची पुस्तके, चष्म्याचे घर आणि पंचांग असते.

चौकट बदलायची की तीत बसणारी वस्तू, हा प्रश्न साहित्यचर्चेत आपण या दोहोंपुरताच सोडवू पाहतो. कुणाला संहिता अढळ वाटते, कुणाला सिद्धांत. एखादी जुनी चौकट मोडीत काढण्यापूर्वी ती मुळात कुणाच्या मापाने बेतली होती, हेही पाहायला हवे असे आम्हाला वाटते. जात्यावरच्या ओवीची लांबी दळणाऱ्या बाईच्या हाताच्या फेऱ्याशी आणि तिच्या श्वासाशी जुळलेली होती. छापील पानावर ती निव्वळ छंदाचा नियम वाटते आणि मग नियम म्हणूनच शिकवली किंवा टाकली जाते. वर्गात ओवी शिकवताना टेप लागत नाही, पण दळणाऱ्या बाईचा हात मात्र विद्यार्थ्यांना आधी दाखवावा लागतो.